चहासोबत गोळी नको

महोदय,
माझी सून बाळंत होऊन तीन महिने झाले. परवा तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ! लोहाची गोळी तर रोज घेत होती. मग लक्षात आलं, सकाळी चहाचा कप आणि गोळी मीच तिच्या हातात एकदम देत होते. आशाताई म्हणाल्या, "मावशी, चहानं लोह अंगी लागत नाही. तासभर तरी अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीसोबत नको." गरोदरपणी 180 दिवस आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस गोळी घ्यायची, हे मला नव्यानंच कळलं. आमच्या वेळी बाळ झालं की डबी फडताळात! आता ती रात्री लिंबूपाण्याबरोबर घेते. शौचाला काळं होतं म्हणून घाबरली होती, तेही गोळीमुळंच.

मी चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, शेजारी चहा, आणि भाकरी सगळ्यांच्या शेवटी. अशा कितीतरी बायका इथं आहेत. तुमच्या पानावर दर थंडीत डिंकाच्या लाडवांची कृती येते, तशी गोळी-चहाची ही चौकटही छापा. अक्षर जरा मोठं ठेवा.

– एक सासू, विडी घरकुल, सोलापूर