बदली कोण येणार, ते आधी विचारा

संपादक महोदय,

२१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन आला की डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) लक्षणे छापून येतात. निदानानंतर रुग्णाच्या देखभालीसाठी घरी माणूस कोणत्या ब्युरोकडून, म्हणजे अशी माणसे पुरवणाऱ्या संस्थेकडून, घ्यायचा, हे मात्र शेजारपाजारच्यांना विचारून ठरते आणि पहिला प्रश्न असतो, ‘महिन्याचे किती?’

खरे तर आधी विचारावे, देखभाल करणाऱ्या मावशी सुट्टीवर गेल्या की बदली कोण? या रुग्णाला नवा चेहरा म्हणजे घरात घुसलेले परके माणूस. आंघोळीला हात लावू देत नाहीत, जेवत नाहीत, ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी जातात. म्हणून बदलीची बाई सुरुवातीलाच ठरवून घ्यावी आणि नेहमीच्या मावशींबरोबर दोन-तीन दिवस, पैसे देऊन, घरात वावरू द्यावी. याला जो ब्युरो राजी नाही, त्याच्या ‘ताबडतोब रिप्लेसमेंट’ला अर्थ नाही.

‘२४ तासांची बाई’ रात्री झोपणारच. रुग्ण रात्री दोन-तीनदा उठत असेल तर १२-१२ तासांच्या दोन पाळ्या लागतात. खर्च वाढतो, पण दमलेली बाई रुग्णाला लवकर झोपवायच्या वाटा शोधते. झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात, रोजच्या गोळ्या मोजून द्याव्यात. जादा गोळीने तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते.

ब्युरोवाले सरसकट सगळ्यांना ‘सिस्टर’ म्हणतात. नाकातली नळी, इन्सुलिन, कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम झालेलीच हवी. महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. एरवी प्रशिक्षित अटेंडन्ट पुरे. ब्युरोकडचा शॉप अ‍ॅक्टचा (दुकान नोंदणीचा) कागद म्हणजे कामाची हमी नव्हे. पोलीस पडताळणीचा कागद स्वतः पाहावा, बदलीच्या बाईचाही.

अनुभवाची वर्षे विचारण्यापेक्षा प्रसंग घालावा: ‘आजी म्हणाल्या, माझ्या बांगड्या तू चोरल्यास, तर काय कराल?’ ‘मी कशाला घेऊ?’ म्हणून हुज्जत घालणारी टिकत नाही. ‘चला, शोधू या’ म्हणत कपाट उघडणारी आणि शोधता शोधता गाडी चहावर आणणारी लगेच ठेवावी.

रोजची वही हवीच: पाणी किती, लघवी किती वेळा, शौचास झाली का, झोप, पाजताना ठसका लागला का. एक-दोन दिवसांत एकाएकी भ्रम वाढला तर ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नये. बरेचदा लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा कमी पाणी हे कारण असते. वही पाहून डॉक्टरांना त्याचा माग लागतो.

करारात नोंदणी शुल्क, अनामत परत कधी, नोटीस किती दिवसांची, हे लिहून घ्यावे. आणि आपल्या पैशातले बाईच्या हातात किती पडतात, तेही बिनदिक्कत विचारावे. कमिशन फार असेल तर चार पैसे जास्त मिळताच ती दुसऱ्या घरी जाते आणि आजींपुढे पुन्हा नवा चेहरा.

– एक परिचारिका, ठाणे