ऑलिंपिक फँटसी लीगची नियमावली लिहून देणाऱ्या मित्रास

स. न. वि. वि.

आमच्या लीगसाठी, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ निवडून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मोजायच्या खेळासाठी, आपण गुणांची नियमावली लिहून दिलीत, त्याबद्दल सर्व संघमालकांतर्फे मनापासून आभार. क्रिकेटच्या फँटसीत धावा आणि बळी मोजले की काम भागते. इथे भालाफेक, ज्युदो आणि हॉकी एकाच तक्त्यात बसवायचे असतात. ते आपण एका सूत्रावर बसवलेत: गुण फक्त अधिकृत अंतिम क्रमांकाला. पहिल्या आठांना 12, 9, 7, 5, 4, 3, 2, 1. ऑलिंपिकचा डिप्लोमाही पहिल्या आठांनाच मिळतो, त्यामुळे ही रेषा मनमानी वाटत नाही.

प्रत्येक विजयाला एक गुण द्यावा, असा आग्रह बऱ्याच जणांचा होता. तो आपण मान्य केला नाहीत, हे फार बरे झाले. पॅरिस 2024 मध्ये बॅडमिंटनपटू केव्हिन कॉर्डनने दुखापतीमुळे माघार घेतल्यावर लक्ष्य सेनचा त्याच्यावरचा विजय निकालातून वगळला गेला. विनेश फोगाट अंतिम फेरीच्या दिवशी 100 ग्रॅम जास्त भरली आणि आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकूनही शेवटच्या क्रमांकावर गेली. दिलेले गुण असे परत घ्यावे लागले की भांडणे ठरलेलीच. आपल्या नियमाने विनेशला शून्य मिळते. ते पाहताना जीव तुटतो, पण नियम सगळ्यांना सारखा राहतो.

बरोबरीचा नियम तर खास आपला. पदक मिळाले तर त्या पदकाचे पूर्ण गुण, पदकाखाली मात्र त्या जागांच्या गुणांची सरासरी. टोकियोत उंच उडीचे सुवर्ण बार्शिम आणि तांबेरी यांना विभागून मिळाले. दोघांना 12-12, रौप्य कुणालाच नाही, तिसऱ्याला 7. पॅरिसमध्ये जलतरणाच्या 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकला पीटी आणि फिंक यांना रौप्य मिळाले: 9-9, कांस्य नाही. कुस्तीत दोन कांस्ये, म्हणून दोघांना 7. कांस्याच्या लढती हरलेले दोघे पाचवे, त्यांना (4+3)/2 म्हणजे 3.5. बॉक्सिंगमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरलेले चौघेही पाचवे, त्यांना प्रत्येकी 2.5. हे गणित आधीच कागदावर असल्याने ऐनवेळी कुणी सोयीचा अर्थ काढू शकत नाही.

जलतरणपटूंचे पारडे जड होऊ नये म्हणून एका खेळाडूचे सर्वोत्तम तीनच वैयक्तिक प्रकार धरायचे. पॅरिसमधल्या लिऑन मार्शाँच्या चार सुवर्णांचे 48 नव्हे, 36. रिलेचे गुण चौघांत वाटून, आणि फक्त प्राथमिक फेरीत पोहलेल्यालाही पदक मिळत असल्याने त्यालाही तेवढाच वाटा. सांघिक खेळात अख्खा संघ ही एकच निवड, गुण दुप्पट. हॉकी संघाला पूर्ण स्पर्धेत पदकाची एकच संधी असते.

संघ बदलण्याची मुदत उद्घाटन सोहळ्याला नव्हे, तर पहिल्या सामन्याला संपते, हा बारकावा फार मोलाचा. पॅरिसचे उद्घाटन 26 जुलैला होते, पण फुटबॉल आणि रग्बी सेव्हन्स 24 जुलैलाच सुरू झाले होते.

निकाल गोठवायचे ते समारोपानंतर सात दिवसांनी. पॅरिसमध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या फ्लोअर एक्सरसाइजचे कांस्य जॉर्डन चाइल्सकडून आना बार्बोसूकडे देण्याचा निर्णय थेट समारोपाच्या दिवशी, 11 ऑगस्टला आला. एवढी सवड हवीच. त्याहून जास्त थांबणे मात्र अशक्य. बीजिंग 2022 च्या सांघिक फिगर स्केटिंगची पदके वाद लांबल्यामुळे थेट ऑगस्ट 2024 मध्ये दिली गेली.

आशियाई स्पर्धेसाठीही हीच नियमावली वापरायचे ठरले आहे. तिथे बॅडमिंटनमध्ये आणि कबड्डीत उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळते. आपल्या पदकाच्या नियमात ते आपोआप बसते, एक ओळही बदलावी लागत नाही.

आपले,
लीगमधील सर्व संघमालक