माझी प्लेट धरून उभ्या राहिलेल्या ताईंना

ताई,

नोकरी लागली! काल ऑफर लेटर आलं. बॅकएंडचंच, म्हणजे पडद्यामागच्या सिस्टिमचं काम आहे, पेमेंटवालं, म्हणजे पुण्यात करत होते तेच. नवऱ्याला सांगितलं, मग सांगलीला आईला फोन केला, ती रडली, तिचं ऐकून मी पण रडले, आणि फोन ठेवल्यावर पहिल्यांदा कोण आठवलं तर तुम्ही. तुम्हाला मी आठवत असेन की नाही माहीत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं ते टेकमधल्या बायकांसाठीचं गर्ल गीक डिनर, हॉल भरून बायका, त्यात एक मरून स्वेटरवाली हातात प्लेट घेऊन भिंतीला चिकटून उभी होती ना, ती मी.

बाकीचे वाचतायत म्हणून थोडं मागचं सांगते. नवरा अमेरिकेत एच-वन बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोरवर, म्हणजे त्याची डिपेंडंट. 2015 च्या मे महिन्यापर्यंत एच-फोरवाल्या बायकांना इथे नोकरीच करता यायची नाही, नियम बदलला तरी तो साधारण ज्यांच्या नवऱ्याचं आय-140, म्हणजे ग्रीन कार्डच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज, मंजूर झालंय त्यांच्यासाठी, त्यामुळे आमचा नंबर लागेपर्यंत मी सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये पोळ्या लाटत आणि ऑनलाइन कोर्सेस करत बसले होते. कामाच्या परवान्याचं कार्ड हातात आलं तेव्हा वाटलं सुटलो. कसलं काय! रिक्रूटरचा फोन यायचा, छान बोलायचा, रेझ्युमेतल्या गॅपपाशी आला की आवाजच बदलायचा, आणि मग 'आम्ही कळवतो'.

आणि आपले लोक! आता सांगूनच टाकते. ओळखीतल्यांच्या पॉटलकला गेलं की पुरुष हॉलमध्ये स्टॉक आणि घरांच्या किमतींवर बोलणार, बायका किचनमध्ये. मी मुद्दाम हॉलमध्ये जाऊन बसले तर एक काका म्हणाले, घरीच आहेस ना, मजा आहे तुझी. दुसरे म्हणाले, टेस्टिंगचा छोटासा कोर्स कर, बायकांना बरं पडतं. रेझ्युमे पाठव असं तर इतक्या जणांनी सांगितलं आणि मी पाठवला पण, पोचला एवढं सुद्धा कुणी कळवलं नाही. एका कन्सल्टन्सीवाल्याने तर सरळ सांगितलं की गॅपच्या जागी सात वर्षांचा अनुभव टाकून देतो, तुम्ही फक्त पाठ करा. एका टेक मीटअपला गेले तर एकाने मला विचारलं कॉफी कुठे ठेवलीये. त्याला वाटलं मी केटरिंगची. दाखवली कॉफी, काय करणार!

त्यामुळे या डिनरचं शेजारणीने सांगितलं तेव्हा मी जाणारच नव्हते. मग जरा वाचलं. 2005 मध्ये लंडनला सारा ब्लो नावाच्या इंजिनियर मुलीने हे सुरू केलं, कारण टेक कार्यक्रमांना सगळीकडे ही जवळपास एकटीच बाई आणि तू इथे कशी याचं उत्तर देऊन देऊन वैतागली होती. 2008 च्या जानेवारीत अँजी चँगने ते बे एरियात, म्हणजे इकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात आणलं, पहिलं डिनर गुगलमध्ये, 400 च्या वर बायका आल्या होत्या. मला सगळ्यात आवडला तो लंडनचा नियम, पुरुष येऊ शकतात पण कुठल्यातरी बाईचे पाहुणे म्हणूनच. मी तो नवऱ्याला वाचून दाखवला तर तो म्हणाला, म्हणजे तिथे मी तुझा डिपेंडंट? इतके हसलो आम्ही, आणि त्या हसण्यातच मी नाव नोंदवलं.

तर दारात कोरे स्टिकर आणि काळे मार्कर ठेवले होते, वर नाव, खाली कंपनी. मी नाव लिहिलं आणि खालची ओळ सोडून दिली. आत गेल्यावर कळलं की लोक आधी स्टिकर वाचतात आणि मग चेहरा बघतात, खाली काही नसलं की नजर हसून पुढे जाते. वाईट कुणी वागत नव्हतं हां, पण मी आपली भिंतीपाशी सॅलड चिवडत कॅल्ट्रेनचं टाइमटेबल बघत होते.

तुम्ही पास्ता घ्यायला आलात. स्टिकर तुम्हीही वाचलात, मला दिसलं ते. पण तुम्ही कुठे काम करतेस असं नाही विचारलंत, इंग्रजीतच म्हणालात, शेवटचं काय बांधलंस? मी अडखळत सांगितलं, बँकेची सेटलमेंट फाइल आणि आमच्या खात्याच्या नोंदी जुळवायची सिस्टिम. मला वाटलं छान छान म्हणून जाल पुढे. तर तुम्ही विचारलंत, मधेच टाइमआउट होऊन रिट्राय झाला, म्हणजे तोच व्यवहार परत पाठवला गेला, तर गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून काय केलं होतंस? ताई, कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी कामातला प्रश्न विचारला होता! मी जी सुटले, प्रत्येक व्यवहाराला आधीच एक 'की', म्हणजे स्वतःचा ओळख क्रमांक, कसा द्यायचो, तोच क्रमांक परत आला तर नवा व्यवहार न करता जुनंच उत्तर कसं पाठवायचो, आणि एका दिवाळीत लोड आल्यावर त्यातही भोक कुठे सापडलं ते सगळं सांगितलं. तुम्ही मधेच मान हलवून अजून एक शंका काढलीत, आणि ती शंका बरोबर होती.

मग तुम्ही दारातल्या टेबलावरून मार्कर घेऊन आलात, त्याचं टोपण पडून टेबलाखाली गेलं आणि तुमच्या तोंडून निघालं 'अगं बाई!' मी दचकलेच. तुम्ही नागपूरच्या, मी सांगलीची, दोघी इतका वेळ इंग्रजी झाडत होतो.

आणि मग माझी प्लेट हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, मी धरते, तू लिही.

एवढंच. पण मला विचाराल तर तीच गोष्ट. तुम्ही स्वतः लिहून देऊ शकला असतात, चार जणींना 'हिला जरा मदत करा' म्हणून पुढे ढकलू शकला असतात, आणि मी थँक यू म्हणून परत भिंतीला लागले असते. तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात, एका हातात माझं सॅलड, दुसऱ्यात तुमचा पास्ता. कुणीतरी मोठ्या हुद्द्याची बाई तुम्हाला हाका मारत होती तिला मानेनेच थांब म्हणालात. मी स्वेटरवर चिकटवलेल्या स्टिकरवर, वरून वाकून, उलट्या बाजूने लिहिलं, 'पेमेंट्स, बॅकएंड, जावा'. जावाचा शेवटचा ए पार काठावर गेला. तुम्ही वाचलंत, हं, आता बरोबर, म्हणालात, प्लेट परत दिलीत आणि गेलात त्या बाईकडे.

त्यानंतर लोक थांबायला लागले. खोटं नाही सांगत, तेच स्वेटर, तोच चेहरा, गॅप पण तोच. त्या रात्री ज्या दोघी तिघींशी बोलले त्यातल्या एकीच्या ओळखीतून पुढचं सगळं घडत गेलं, त्या मुलाखतींचं पुराण इथे नको, कोडिंग राउंडचं तर नकोच नको.

लोक म्हणतात की ही डिनर म्हणजे कंपन्यांची भरतीची जाहिरात. असेल ना! ज्यांना माणसं हवीत त्याच जेवण घालणार, मला त्यात काही वावगं दिसत नाही. स्टेजवरच्या बायका डेटाबेस कसा तोडला आणि रात्री दोनला काय पेटलं होतं यावर बोलत होत्या, घर आणि करिअर कसं सांभाळता यावर नाही, याच्यासाठी तर मी पदरचे पैसे देऊन पण जाईन. पण हॉल, पास्ता, स्टेज सगळं असलं तरी तुमच्यासारखं कुणी नसेल तर नवीन बाई सॅलड खाऊन घरी जाते. हॉलमधल्या काकांना काय खर्च आला असता हो, एक प्रश्न विचारायला? ज्यांनी कोरडे सल्ले दिले त्यातले बरेच जण माझ्याच फील्डमधले आहेत, पण काय काम करत होतीस हे एकानेही विचारलं नाही. उलट मी ज्या थोड्या चांगल्या माणसांना भेटलेय त्यांना आपण काही केलं हे लक्षातही नसतं. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत एक सिनियर होता, माझा कोड रिव्ह्यू करताना शेजारी खुर्ची ओढून बसायचा, उभा राहून कधी चुका सांगितल्या नाहीत. त्यालाही आता मेसेज टाकणार आहे.

तुम्हाला काल रात्रीच ईमेल केलं होतं, तुम्ही दिलेल्या कार्डावरच्या पत्त्यावर, ते परत आलं, म्हणजे तुम्ही कंपनी बदललेली दिसतेय. म्हणून हे असं उघड्यावर. कुणी ओळखत असेल तर पोचवा त्यांच्यापर्यंत. आणि ताई, पुढच्या महिन्यात आई येतेय, सांगलीचं भडंग आणायला सांगितलंय, तुमचं पाकीट वेगळं ठेवते. पत्ता तेवढा कळवा.