आईच्या रिपोर्टवरचा आकडा

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

रिपोर्टचे दोन्ही फोटो मिळाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि आईला हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरला सूज आणणारा विषाणूचा आजार, निघाला, तेव्हा व्हायरल लोड १४ लाख होता. आता ३१ लाख आलाय. म्हणजे आजार दुपटीनं वाढला, असं बाबा म्हणाले. तसं झालेलं नाही. फोनवर बाबांची खात्री पटली नाही हे जाणवलं, म्हणून लिहूनच पाठवते.

हा आकडा सांगतो की आईच्या एक मिलिलिटर रक्तात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, किती आहे. एवढंच. लिव्हर किती खराब झालंय हे तो सांगत नाही. कुणाचा लोड लाखांत असून लिव्हर चांगलं असतं, तर कुणाचा काही हजारांत असून सिरोसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होणं, झालेला असतो.

बाबा, त्याच ओळीच्या शेवटी ‘लॉग’ म्हणून एक छोटा आकडा छापलाय तो बघा. आधी ६.१५ होता, आता ६.४९. तुम्ही १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलाय आणि रिश्टरचं गणित मला तुम्हीच समजावलं होतं: एक अंक वाढला की हादरा दहापट. लॉगचंही तसंच आहे. उपचार सुरू नसताना हा आकडा आपोआप खालीवर होतो, लॅब बदलली तरी थोडा बदलतो. अर्ध्या अंकाच्या आतल्या फरकाला डॉक्टर वाढ म्हणत नाहीत. आईचा फरक ०.३४ आहे. लाखांतले आकडे शेजारी शेजारी ठेवले की छातीत धस्स होतं हे खरं, पण या दोन रिपोर्टांचा अर्थ एकच: विषाणू रक्तात आहे आणि त्यावर उपचार करायचे आहेत.

लिव्हरची खबर दुसऱ्या कागदांवर आहे. फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजतो), सोनोग्राफी, प्लेटलेट्स, आणि एसजीओटी, एसजीपीटी या लिव्हरच्या रक्ततपासण्या. आईचा फायब्रोस्कॅन ६.१ आलाय. साधारण १२.५ च्या वर गेला की सिरोसिसची शंका घेतात. बाबा, मला सगळ्यात जास्त धीर या कागदानं दिला आणि तुम्ही नेमका तोच फाइलच्या तळाशी ठेवलात. तो वर काढा.

आई, आता तुझ्याशी बोलते. तू स्वतःचं ताट-पेला वेगळा ठेवायला लागलीस आणि चिनूला जवळ घेत नाहीस, हे वहिनीनं सांगितलं. मला फार वाईट वाटलं गं. हा आजार रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्यानं, पाण्यातून, खोकल्यातून, मिठी मारल्यानं, पापा घेतल्यानं पसरत नाही. तुझा टूथब्रश आणि नेलकटर तेवढा वेगळा ठेव, कापलं-खरचटलं तर पट्टी लाव, बस्स. नातवाला मांडीवर घे. आणि ‘माझ्याच नशिबी का’ म्हणत बसू नकोस. १९८६ मध्ये धाकट्याच्या वेळी तुला रक्त चढवलं होतं. विषाणू तेव्हाच आला का, हे आता कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. पण हा विषाणूच मुळात १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याआधी रक्ताची बाटली त्यासाठी तपासून घ्यायची सोयच जगात कुठे नव्हती. यात ना तुझी चूक, ना रक्त देणाऱ्याची.

आणि हा बरा होणारा आजार आहे. पूर्वी इंजेक्शनं असायची, माणूस हैराण व्हायचा. आता सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीरसारख्या गोळ्या आहेत. सिरोसिस नसेल तर बहुतेकांना १२ आठवडे पुरतात आणि शंभरात पंच्याण्णवच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात. ३१ लाख लोड आहे म्हणून आई त्यातून वगळली जात नाही. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. आपल्या सिव्हिलमध्ये बाबांनी आधी त्याची चौकशी करावी. पैशाचं बघू नंतर, मी आहे.

गोळ्या सुरू झाल्या की लोड भराभर खाली येतो. पण तेवढ्यानं बरं झालं असं समजून मधेच कोर्स सोडायचा नाही. खरा निकाल गोळ्या संपल्यानंतर १२ आठवड्यांनी कळतो. त्या रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे विषाणू सापडला नाही, असं आलं की आई बरी झाली. त्याआधी दर महिन्याला पदरचे पैसे घालून लोड तपासत बसू नका, डॉक्टरांनी सांगितला तरच करा.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. बरी झाल्यावरही आईची अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्हच येत राहील, बहुधा जन्मभर. ती विषाणू नाही, त्याविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं शोधते. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनआधी पुन्हा रक्त तपासतील आणि कुणीतरी पुन्हा घाबरवेल. तेव्हा शेवटचा व्हायरल लोडचा रिपोर्ट दाखवायचा. म्हणून त्याच्या झेरॉक्स काढून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना आईच्या चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, बीपीची, ॲसिडिटीची आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलेली तर नक्कीच. काही औषधं या गोळ्यांबरोबर चालत नाहीत. आईची हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का, तेही विचारा. बी लपलेला असेल तर सीच्या उपचारात तो उसळू शकतो. शेजारच्या काकू लिव्हरसाठी काढा देतात, तो मात्र बंद.

पुढच्या शनिवारी मी येते. डॉक्टरांची वेळ सकाळचीच घ्या.

तुमची,
मनू