रविवारी फोनवर बोलायचं राहिलं ते

प्रिय ओंकार,

रविवारी तू फोनवर म्हणालास, "आई, आता ते वय गेलं, आता कुठे कॉलेज," आणि तेवढ्यात तुझा ब्रेक संपला आणि फोन ठेवलास. तेव्हापासून ते वाक्य डोक्यात घेऊन फिरतीये. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहिता येत नाही म्हणून हे पत्र, आणि मराठीतच लिहितीये कारण मला मनातलं मराठीतच नीट सांगता येतं, तुला वाचायला वेळ लागेल तर लागू दे, दोन दिवसांत वाच.

चोवीस वर्षांच्या मुलाने वय गेलं म्हणायचं म्हणजे काय रे. मी डब्ल्यूजीयूला, म्हणजे इथे अमेरिकेतल्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीला, घरबसल्या ऑनलाइन शिकायला नाव घातलं तेव्हा अडतीस वर्षांची होते. १ ऑक्टोबर २०१२, तारीख अजून लक्षात आहे, कारण तिथे जून-जुलैची वाट बघत बसायला लागत नाही, दर महिन्याच्या एक तारखेला टर्म सुरू करता येते. दिवसभर ग्रोसरी स्टोअरच्या कॅश काउंटरवर उभी असायचे, संध्याकाळी तुझा होमवर्क, स्वयंपाक, आणि साडेनऊनंतर डायनिंग टेबल पुसून तिथेच लॅपटॉप. तू अकरा वर्षांचा होतास, तुला यातलं किती आठवतं माहीत नाही, म्हणून सांगते.

आधी आप्पांचं सांगते, कारण मला हे सगळं तिथूनच कळलं. तुझे आजोबा लालबागला गिरणीत होते, दिवसपाळी करून म्युनिसिपालिटीच्या शाळेत रात्रशाळेला जायचे. लहान मुलांच्या बाकड्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचे, केसांत कापूस तसाच असायचा. एकोणतीसाव्या वर्षी मॅट्रिक झाले. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या त्या गेल्याच, तेव्हा आप्पा एका पतपेढीत कारकून म्हणून लागले ते त्या मॅट्रिकच्या जोरावर, त्यांच्या खात्यातल्या कितीतरी जणांना गावाला परत जावं लागलं. आप्पा नेहमी सांगायचे की ज्योतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये रात्रशाळा काढली ती दिवसभर राबणाऱ्यांसाठीच, म्हणजे कामं करून शिकणं ही काही दुय्यम गोष्ट नाही, आपल्याकडे ती पहिल्यापासून आहे. आणि माझी सुनंदा मावशी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली ती तिन्ही मुलं शाळेत जायला लागल्यावर. तेव्हा आपल्या घरात वय गेल्यावर शिकलेली मी पहिली नव्हे आणि तूही नसशील.

तू म्हणालास ऑनलाइन डिग्रीला कोण विचारतं. हे मला पटत नाही, पण तुझी भीती कळते, कारण मीही एकदा फसता फसता वाचलेय. २०१२ च्या उन्हाळ्यात मी एका कॉलेजच्या वेबसाइटवर नुसता फोन नंबर टाकला होता, नाव घेत नाही, तर तो त्यांचा माणूस दिवसातून चार-चार वेळा फोन करायचा, आज सही करा उद्या सीट जाईल, कर्ज आम्हीच करून देऊ. शिकवणार काय हे विचारलं की विषय बदलायचा. बाबा म्हणाले, ज्याला एवढी घाई आहे त्याच्याकडे जायचं नाही. काउंटरवर माझ्याबरोबर एक बाई होती, तिने मला डब्ल्यूजीयूचं सांगितलं, आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, टेक्सासने त्यांच्याबरोबर डब्ल्यूजीयू टेक्सास सुरू केलं होतं.

आपल्या लोकांचा इथे घोटाळा होतो. खाजगी म्हटलं की आपल्याला डोनेशन आणि शिक्षणसम्राटच आठवतात. इथे खाजगीत पण दोन जाती आहेत, एक मालकांच्या नफ्यासाठी चालणारी आणि एक नॉन-प्रॉफिट, जिथे उरलेला पैसा कुणाच्या खिशात जात नाही, परत युनिव्हर्सिटीतच जातो. डब्ल्यूजीयू दुसऱ्या जातीची. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या १९ गव्हर्नरांनी मिळून काढली, युटाचे लेव्हिट रिपब्लिकन आणि कोलोरॅडोचे रोमर डेमोक्रॅट, दोघं पुढे होते. ज्यांना नोकरी सोडून कॅम्पसवर जाऊन राहणं शक्य नाही त्यांच्यापर्यंत कॉलेज न्यायचं हा विचार. ऑफिस सॉल्ट लेक सिटीला, आणि २००३ मध्ये रीजनल अ‍ॅक्रेडिटेशन मिळालं, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासून दिलेली मान्यता. हे अ‍ॅक्रेडिटेशन तू कुठल्याही कॉलेजचं सगळ्यात आधी बघ, जाहिरात नंतर. मी पास झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०१५ ला, कोरिंथियन नावाची नफ्यासाठी चालणारी मोठी साखळी एका दिवसात बंद झाली, १६,००० च्या आसपास विद्यार्थी रस्त्यावर आले. मी टीव्हीसमोर बसून रडले होते, तू विचारलंस काय झालं, मी म्हटलं काही नाही.

आता मुख्य गोष्ट, जी तुला नीट कळली पाहिजे. तिथे तू किती आठवडे बसलास हे कुणी मोजत नाही. तुला येतं का, एवढंच बघतात. फी विषयाप्रमाणे नाही, सहा महिन्यांच्या टर्मची एकच ठरलेली, त्यात कमीत कमी १२ युनिट्स, म्हणजे विषयांची क्रेडिट्स, करायची आणि ती झाली की पुढचे विषय त्याच पैशात उघडून घ्यायचे. माझं मुंबईचं बी.कॉम. होतं, मामाने कलिनाला जाऊन सीलबंद ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे मार्कांचा अधिकृत उतारा, काढून पाठवली, ती इथे इव्हॅल्युएट झाली आणि बरेच जनरल विषय माफ झाले. अकाउंटिंगच्या पहिल्या पेपरची आधी एक सराव परीक्षा असते, ती देऊन बघितली तर जवळजवळ सगळं येत होतं, डेबिट-क्रेडिट काय देश बदलल्यावर बदलतं थोडंच, बारा दिवसांत तो विषय संपवला. आणि बिझनेस लॉला तीन महिने लागले, कारण अमेरिकेचा कायदा मला शून्य. शून्यापासून वाचलं. कुणी हसलं नाही, कुणी म्हटलं नाही की बाकीचा वर्ग पुढे गेला, कारण वर्गच नव्हता. तिथे ए-बी ग्रेड पण नाही, पास किंवा पास नाही, आणि त्यांचा पास म्हणजे बी ग्रेडच्या बरोबरीचा, म्हणजे पस्तीस मार्कांवर काठावर सुटायची सोय नाही.

आणि पेपर तपासणारा वेगळा, शिकवणारा वेगळा. माझे असाइनमेंट दोन-तीनदा परत आले, "या मुद्द्याचं कारण दिलेलं नाही" असं नेमकं लिहून. पहिल्यांदा फार राग आला. मग लक्षात आलं की या माणसाला माझा रंग, उच्चार काहीच माहीत नाही, तो फक्त लिहिलेलं वाचतोय. काउंटरवर दिवसभर माझे उच्चार लोक दोनदा विचारायचे, त्यामुळे मला हे किती मोठं वाटलं ते तुला सांगून कळणार नाही.

परीक्षेचा तो दिवस आठवतो का तुला? त्यांनी पोस्टाने लांब मानेचा कॅमेरा पाठवला होता, तो टेबलाच्या बाजूला लावायचा, म्हणजे माझा चेहरा, हात, कीबोर्ड सगळं तिकडे बसलेल्या माणसाला दिसतं. आधी खोली फिरवून दाखवायची. भिंतीवरचं कालनिर्णय काढून ठेवावं लागलं कारण त्यावर अक्षरं. बाबा गावाला होते, मी कुकर लावून तुला सांगितलं, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर आणि आत यायचं नाही, कितीही काही झालं तरी. मी आत टॅक्सेशनचा पेपर देतीये आणि कान बाहेर. एक शिट्टी, दोन, तीन, आणि मग गॅसच्या बटणाचा टक आवाज. आणि मग एकदम शांत. दोन तासांनी दार उघडलं तर तू जिन्याच्या पायरीवर भिंतीला टेकून झोपलेला, आणि दाराला वहीचा कागद चिकटवलेला, "आईची परिक्षा आहे", रि ऱ्हस्व. तो कागद माझ्या सर्टिफिकेटच्या फ्रेममध्ये मागच्या बाजूला आहे. तू कधी फ्रेम उलटी केली नाहीस म्हणून तुला माहीत नाही.

सगळं गोड होतं असं सांगणार नाही. खूप एकटं वाटतं. शेजारी बसणारी मैत्रीण नाही, कॅन्टीन नाही, रात्री बारा वाजता अडलं तर भिंतीकडे बघायचं आणि सकाळी इन्स्ट्रक्टरला मेल टाकायचा. ज्याला कुणी मागे लागल्याशिवाय होत नाही त्याने तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ठरलेल्या फीचं दुसरं टोक पण आहे, मागे पडलात तर परत पूर्ण टर्म भरा. आप्पा गेले तेव्हा मी तीन आठवडे लालबागला होते, परत आल्यावर पुस्तक उघडायची इच्छाच होईना, त्या टर्मला चारातले दोनच विषय झाले. युनिव्हर्सिटीने दिलेली माझी मेंटर, म्हणजे मार्गदर्शक, दर गुरुवारी फोन करायची. त्या गुरुवारी तिने दहा-पंधरा मिनिटं अभ्यासाचा शब्द काढला नाही, आप्पा काय करायचे विचारत राहिली, मी गिरणीचं, रात्रशाळेचं सगळं सांगितलं माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये. मग म्हणाली, पुढच्या आठवड्यापर्यंत फक्त एक चॅप्टर. एकच. मी तो वाचला. ती जास्तीची टर्म आम्हाला तीन हजार डॉलरच्या आसपास पडली, बाबांनी गाडी बदलायचं पुढे ढकललं, मला कधी बोलून दाखवलं नाही.

तू ती ऑडिटची लिंक पाठवलीस ना, ती मी पूर्ण वाचली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने, म्हणजे खात्याच्या तपासनीसाने, म्हटलं होतं की डब्ल्यूजीयूच्या कोर्सेसमध्ये प्राध्यापकांचा विद्यार्थ्यांशी नियमित संबंध कायद्याला हवा तेवढा नाही, म्हणून ७१ कोटी डॉलरच्या वर सरकारी मदत परत करा. पण पुढचं पण वाच. जानेवारी २०१९ ला खात्यानेच सांगितलं की पैसे परत करायची गरज नाही. कायदा लिहिला तेव्हा कोर्स म्हणजे एक मास्तर आणि एक वर्ग असंच डोळ्यासमोर होतं, आणि इथे मास्तरचं काम तीन-चार माणसांत वाटलेलं. प्रश्न खोटा नव्हता, विचारायला हवाच होता. पण माझ्याशी कुणाचा संबंध नव्हता असं कुणी म्हणालं तर मी त्याला त्या गुरुवारच्या फोनचं सांगेन.

आता तुझं. तू २०२१ ला युनिव्हर्सिटी सोडलीस ती आळसाने नाही हे मला माहीत आहे. दोन वर्षांतलं दीड वर्ष तू खोलीत बसून स्क्रीनकडे बघत काढलंस, मी तेव्हा जेवढं ओळखायला हवं होतं तेवढं ओळखलं नाही. त्यानंतरची ही वर्षं तू वाया गेली म्हणतोस. हॉस्पिटलच्या हेल्पडेस्कवर रात्री तीन वाजता नर्सची स्क्रीन बंद पडते आणि तू फोनवर तिला घाबरू न देता चालू करून देतोस, हे वाया कसं? तुझं कॉम्पटियाचं ए प्लस, ते कॉम्प्युटर सपोर्टचं सर्टिफिकेट, आहे ना, डब्ल्यूजीयूच्या आयटीच्या डिग्रीत ते सर्टिफिकेशन विषय म्हणूनच आहे, ज्याच्याकडे आधीच आहे त्याला तो विषय परत करायला लागत नाही. पण फार जुनं झालेलं चालत नाही, म्हणून आता बघ, अजून तीन वर्षांनी नको.

आणि वयाचं म्हणशील तर ऐक, एफएएफएसएच्या, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीच्या, फॉर्ममध्ये चोवीस पूर्ण झालेल्याला स्वतंत्र धरतात, आमचं उत्पन्न दाखवावं लागत नाही, तुझ्या एकट्याच्या पगारावर मदत ठरते. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी जी मिळाली नसती ती कदाचित आता मिळेल. फी आता सहा महिन्यांचे चार हजार डॉलरच्या आसपास आहे. मामी म्हणते तिकडच्या सगळ्यांची मुलं मोठ्या मोठ्या युनिव्हर्सिट्यांत आहेत, असू देत, चांगली शिकतायत. तुला त्यांच्याशी बरोबरी करायची नाहीये.

त्या युनिव्हर्सिटीचं चिन्ह घुबड आहे. मी आज्जीला फोनवर सांगितलं तेव्हा ती घाबरलीच, घुबड कसलं घरात आणतेस. मग दोन दिवसांनी तिचाच फोन, अगं घुबड लक्ष्मीचं वाहन आहे म्हणे, असू दे. सॉल्ट लेकच्या पदवीदानाला आपण गेलो नाही, तिकिटं महाग होती. सर्टिफिकेट पोस्टाने आलं, मी ते किचनमध्ये तांदळाच्या डब्याच्या वर लावलं, हॉलमध्ये लावू दिलं नाही कारण मी शिकले ते तिथेच बसून.

जुन्या युनिव्हर्सिटीचं थोडं बिल राहिलंय म्हणालास, त्यामुळे ट्रान्सस्क्रिप्ट अडवतायत का ते आधी फोन करून विचार, अडवत असतील तर आकडा मला कळव, लाजू नकोस. डब्ल्यूजीयूच्या माणसाशी बोलताना कागद-पेन घेऊन बस आणि माझ्या नाही, तुझ्या शंका विचार. नको वाटलं तर नको, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण वय गेलं हे कारण मला देऊ नकोस.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते तूच सांग. रात्री दहानंतर फोन कर, तेव्हा ते एकटेच बसलेले असतात.

तुझी,
आई