आखाजीच्या त्या दोन दुपारी

प्रिय ताई,

सासरहून आलेल्या मुलीला माहेरचे दिवस किती मोजून मिळतात, हे आपल्या गल्लीत कुणाला सांगायला नको. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तू आलीस तेव्हा निंबाला झोका बांधून तयार होता, मावशींच्या खापरावर मांडे पडत होते, आणि तू मात्र ओट्यावर माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलीस. दोन दुपारी. तू निघालीस तेव्हा मी घाईत फक्त ‘ये गं’ म्हटलं. म्हणून आज चारचौघांसमोर हे पत्र लिहितेय.

वाचणाऱ्यांसाठी आधी अडचण सांगते. यावल तालुक्यात आमची दोन एकर केळी. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ रोपं बसतात, म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार. लावणीनंतर काही रोपं सडतात, काही ‘हरण्या’ रोगाने जातात आणि उपटून टाकावी लागतात. नांग्या, म्हणजे अशा रिकाम्या जागा, भरायला किती रोपं आणायची, हे कळण्यासाठी आप्पा प्रत्येक ओळीत वाकून मोजत फिरतात. मामाच्या मुलाने कांदेबागेचे, म्हणजे पावसाळा सरताना लावलेल्या केळीचे, ड्रोनवरून फोटो काढले होते. त्यातून रिकाम्या जागा संगणकाने शोधाव्यात, एवढंच मला हवं होतं.

मी ओपनसीव्ही हे फोटो तपासायचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं, फोटोवर त्यातल्या कॅनी नावाच्या पद्धतीने कडा काढल्या आणि त्या कडांवर रेषा शोधणारं हफ ट्रान्सफॉर्म चालवलं. तुराट्यांचा भारा सुटून पसरावा तशा रेषा फोटोभर उमटल्या. बांध, गवत, सावल्या, सगळ्यांतून रेषा. महिनोन्‌महिने मी नुसते आकडे बदलत बसले होते.

तू आकड्यांना हातच लावला नाहीस. विचारलंस, “यात मत कोण कोण देतंय?”

त्या एका प्रश्नाने माझं सगळं अडलेलं सुटलं, ताई. कडेवरच्या एकट्या ठिपक्याला आपण कोणत्या रेषेवर आहोत हे माहीत नसतं. म्हणून तो आपल्यातून जाऊ शकणाऱ्या प्रत्येक रेषेला एकेक मत देतो. गवताची मतं इकडेतिकडे फुटतात. एका ओळीतल्या ठिपक्यांची मात्र एकाच पेटीत पडतात, आणि ज्या पेटीत मतं जास्त ती खरी रेषा. ओळीतली चार रोपं मेली तरी उरलेल्यांच्या मतांवर ओळ सापडतेच, हे तू सांगितलंस तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मला जी तूट शोधायची होती, ती असूनही ओळ हरवत नाही!

मग मी वहीत शाळेतलं समीकरण लिहिलं, वाय बरोबर एमएक्स अधिक सी. तू म्हणालीस, उभी रेषा यात बसव. बसेना, कारण उभ्या रेषेचा चढ अनंत होतो. तेव्हा तू आतून सुतळी आणलीस. ओट्याचा कोपरा म्हणजे फोटोचा कोपरा, फरशीवर खडूने ओढलेली रेघ म्हणजे केळीची ओळ. कोपऱ्यापासून रेघेवर सुतळी काटकोनात ताणली. सुतळीची लांबी एक आकडा, तिचा कल दुसरा. रेघ कशीही फिरवली तरी हे दोन आकडे मिळतातच. रो आणि थीटा ही नावं तू शेवटी सांगितलीस, आणि ते बरं केलंस. आधी नावं ऐकली असती तर मी घाबरले असते.

खाने, म्हणजे मतांच्या पेट्या, किती लागतात, याचा हिशेबही तू माझ्याकडूनच करून घेतलास. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोचा कर्ण बरोबर ५०००. उणे ५००० ते अधिक ५००० अंतरं आणि १८० अंश, म्हणजे अठरा लाखांवर खाने. एवढे असूनही एक अंशाची चूक महागात पडते. फोटोच्या लांबीभर गेलं की ती रेषा ७० पिक्सेल बाजूला सरकते. आमच्या फोटोत पिक्सेलमागे जमीन साधारण एक सेंटिमीटर, आणि दोन ओळींत अंतर दीड मीटर. म्हणजे रेषा शेजारच्या ओळीकडे निम्मी वाट चालून जाते. म्हणून आता मी पाव अंशाचे खाने घेते.

खरी पकड तुझी दुसऱ्या दुपारी दिसली. पाच बाय पाचच्या चौकोनी लागवडीत तिरप्या रेषांवरही रोपं येतात, आडव्यांवर तर येतातच. मतं त्यांनाही पडणार. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तू म्हणालीस, आधी ठिबकच्या नळीला विचार. वाळून भुरक्या झालेल्या मातीवर काळी नळी सलग दिसते, तिच्या कडांवरून फक्त दिशा घ्यायची. मग हिरव्या रंगावरून रोपं वेगळी करायची, प्रत्येक रोपाचा मध्य तेवढा मतदार ठेवायचा, आणि त्याने नळीच्या दिशेच्या दोन अंश अलीकडे-पलीकडेच मत द्यायचं. ओळ मिळाली की तिच्यावर पाच फुटांऐवजी दहा फुटांनी पुढचं रोप आलं, तिथे नांगी.

मध्येच तू पॉल हफची गोष्ट सांगितलीस. बबल चेंबर, म्हणजे अणूहून लहान कण जिथून गेले तिथे बुडबुड्यांची रेघ उमटवणारं यंत्र. त्याच्या फोटोंत सूक्ष्म कणांच्या वाटा माणसं डोळे ताणून शोधत, त्यासाठी त्याने ही मतांची युक्ती काढली, १९६२ मध्ये पेटंट मिळालं. त्याच्या पद्धतीतही चढाचीच भानगड होती. सुतळीवाली रीत ड्यूडा आणि हार्ट यांनी १९७२ मध्ये मांडली. मला तेव्हा आप्पांची वाकलेली पाठ आठवत होती. कण असोत की केळी, मोजणाऱ्याचे हाल सारखेच.

तू गेल्यावर मृगबाग, म्हणजे पावसाच्या सुरुवातीची केळी, लागली. ऑगस्टमध्ये पाऊस उघडल्यावर नवे फोटो काढले आणि प्रोग्राम चालवला. आप्पा कागद हातात घेऊन ओळीओळीने ताडून पाहत गेले, मी मागे मागे. दोन ठिकाणी तो फसला, कारण रोपाच्या जागी तेवढंच हिरवं तण होतं. बाकी जागा बरोबर निघाल्या. संध्याकाळी आप्पांनी विचारलं, “हे त्या आपल्या ताईनं शिकवलं ना?” आणि मोजलेल्या आकड्याएवढी रोपं सांगायला फोन हातात घेतला.

ताई, तू मला तयार प्रोग्राम देऊन अर्ध्या तासात मोकळी होऊ शकली असतीस. गौराईची गाणी पलीकडे चालू होती, तुझ्या मैत्रिणी दोनदा बोलवून गेल्या, मी पाहिलं होतं. तरी तू सुतळी धरून बसलीस आणि चुकत होते तिथे मला चुकू दिलंस. त्या दोन दुपारींसाठी मनापासून आभार. मावशींचेही, त्यांनी तुला आत हाक मारली नाही म्हणून.

एक सांगायचं राहिलं. फोटोच्या कोपऱ्यातली आपली गोल विहीर मी परवा शोधून काढली. वर्तुळाला मध्याचे दोन आणि त्रिज्येचा एक असे तीन आकडे लागतात, म्हणून पेट्याही तीन बाजूंनी रचाव्या लागल्या. कठडा एका बाजूने ढासळलेला आहे, तरी मतं पुरली.

पुढच्या आखाजीला वही मी तिसऱ्या दिवशी काढीन. आधीचे दोन दिवस तू झोक्यावर बस, झोका मी देते.

तुझी,
गल्लीतली धाकटी