नवी धाप

गडचिरोली

प्रिय पौर्णिमा,
अनेक आशीर्वाद.

जिना चढताना धाप लागते, हिमोग्लोबिन आठच आहे तर लागणारच, असं तू फोनवर म्हणालीस. आईला ते पटलं. मला नाही. तुझं हिमोग्लोबिन सिकलसेलमुळे लहानपणापासून आठच्या आसपासच आहे, धाप मात्र नवी आहे.

आपल्याकडे सिकलसेल म्हटलं की फक्त हातपाय दुखणं डोळ्यांपुढे येतं. पण काही दुखत नसतं तेव्हाही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतच असतात. मी एएस, म्हणजे सिकलचं एकच जनुक असलेला वाहक. माझी तांबडी पेशी साधारण 120 दिवस टिकते. तू एसएस, दोन्ही जनुकं सिकलची, तुझी 10 ते 20 दिवस. तुझे डोळे पिवळसर दिसतात ते त्यामुळेच. कावीळ समजून कुणी झाडपाला दिला तर घेऊ नकोस.

पेशी फुटली की आतलं हिमोग्लोबिन मोकळं होऊन रक्तात फिरतं आणि नायट्रिक ऑक्साइड संपवून टाकतं. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा वायू तो हाच, ज्याच्या या कामाच्या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. पेशीतून आर्जिनेज नावाचं एन्झाइमही बाहेर पडतं आणि हा वायू ज्यापासून बनतो ते आर्जिनिनच मोडून टाकतं. म्हणजे तूट दोन्हीकडून. मग फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या आवळतात, हळूहळू त्यांच्या भिंती जाड होतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. दंडाला पट्टा बांधून मोजलेलं बीपी यात नॉर्मल येऊ शकतं. मला भीती आहे ती या फुप्फुसातल्या वाढलेल्या बीपीचीच.

म्हणून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घे, दुखणं उठलेलं नसताना. हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतल्या उलट प्रवाहाचा वेग सेकंदाला 2.5 मीटर किंवा जास्त आला तर डॉक्टर पुढची तपासणी सांगतील. तेवढ्यानं घाबरायचं नाही. इकोत वेग वाढलेल्या बऱ्याच जणांना कॅथेटर, म्हणजे हृदयापर्यंत जाणारी बारीक नळी, घालून पाहिल्यावर हा आजार निघत नाही. नक्की निदान कॅथेटरनंच होतं.

सिकलसेलचं औषध हायड्रॉक्सियुरिया चुकवू नकोस, त्यानं पेशी फुटणं कमी होतं. आणि फुप्फुसाच्या बीपीवरची सिल्डेनाफिल कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नकोस. सिकलसेलच्या रुग्णांवरची तिची एक मोठी चाचणी दुखण्याचे झटके वाढले म्हणून मध्येच थांबवावी लागली होती.

पाय सुजले किंवा चक्कर येऊन पडलीस तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नकोस, थेट दवाखान्यात जा. मैत्रिणीला सोबत ने. इकोसोबत पेशी किती फुटतात याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्यांचे, एलडीएच आणि रेटिकचेही आकडे मला पाठव, जुन्या फाइलशी ताडून पाहतो.

तुझा,
बाबा